ब्रेक दाबतांच गाडी कां थरथरते?

जुन्नरच्या बाजूनें टोमॅटोचे क्रेट भरून एक पिकअप गाडी माळशेज घाटानें कल्याणकडे निघाली आहे, असें समजावें. घाट सुखरूप उतरला. पायथ्याशीं चहासाठीं गाडी थांबली. पुढें मुरबाडचा सरळ रस्ता लागला, गाडीनें वेग घेतला, आणि समोर एक म्हैस आडवी आली म्हणून चालकानें ब्रेकवर पाय ठेवला, तों स्टिअरिंगचें चाक त्याच्या हातांत थडथड हालूं लागलें. ब्रेक सोडला कीं थरथर बंद. पुन्हां दाबला कीं पुन्हां सुरू. गाडी थांबत नाहीं असें नाहीं. परंतु पुढच्या खेपेस घाटांत ती थांबेल कीं नाहीं ही शंका चालकाच्या मनांत घर करते, आणि खर्च किती येईल ही चिंता मालकाच्या मनांत.

गॅरेजमध्यें या दुखण्यावरचा निकाल बहुधा ठरलेला असतो: ‘डिस्क वांकडी झाली.’ मग डिस्क लेथवर तासून घेतात, नाहीं तर नवी घालतात. थरथर थांबते आणि मिस्त्रीला शाबासकी मिळते. तीन-चार महिन्यांनीं तीच थरथर परत येते, आणि या वेळीं नव्या डिस्कच्या नांवानें खडे फोडले जातात. वस्तुतः पहिल्या डिस्कचें लोखंड वांकलेलें नव्हतें आणि दुसऱ्या डिस्कचेंही हलकें नव्हतें. दोष दोन्ही वेळां निराळ्याच ठिकाणीं होता व तेथें कोणी पाहिलेंच नाहीं. हें कसें घडतें तें समजण्यासाठीं ब्रेकची रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे.

पुढच्या चाकांना डिस्क-ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम-ब्रेक, अशी आपल्याकडील बहुतेक पिकअप गाड्यांची रचना असते. डिस्क म्हणजे ओतीव लोखंडाची एक जाड तबकडी. ती हबवर बसते आणि चाकाबरोबर फिरते. तिच्या कांठावर कॅलिपर नांवाचा एक चिमटा असतो. ब्रेक दाबला कीं तेलाच्या दाबानें त्या चिमट्यांतील दोन पॅड तबकडीला दोन्ही अंगांनीं आवळतात. फिरतें ताट दोन तळहातांमध्यें धरून थांबवावें, तसाच हा प्रकार. या कल्पनेचें पेटंट इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९०२ सालींच घेतलें होतें, पण सामान्य मोटारींत ती रुजण्यास अर्धें शतक जावें लागलें. ड्रमची तऱ्हा उलटी. तेथें चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याच्या आंतून दोन शू बाहेरच्या बाजूस दाबले जातात.

आतां निदानाकडे वळावें. पाना हातांत घेण्यापूर्वीं पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, कीं थरथर ब्रेक दाबल्यावरच येते कीं एरव्हींही? एरव्हींही येत असेल, तर चाकाचा तोल, टायरचा फुगवटा, वांकलेली रिम यांकडे पाहावें; ब्रेकला दोष देण्यांत अर्थ नाहीं. ब्रेक दाबल्यावरच येत असेल, तर ती शरीराच्या कोणत्या भागाला जाणवते तें पाहावें. हातांतील स्टिअरिंग हाललें तर संशय पुढच्या चाकांवर. स्टिअरिंग स्वस्थ असून बैठक आणि गाडीचा सांगाडा हादरत असेल, तर संशय मागच्या ड्रमवर. पायाखालचें पेडल उसळत असेल, तर दोष पुढचाही असेल, मागचाही असेल.

येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. ज्या गाड्यांत ए. बी. एस. ही चाकें घसरूं न देणारी योजना असते, त्यांत जोरानें ब्रेक मारल्यास किंवा निसरड्या रस्त्यावर पेडल भराभर उसळतें. तो दोष नव्हे. तें त्या यंत्रणेचें कामच आहे. मात्र कोरड्या रस्त्यावर हलकेंच ब्रेक लावतांनाही तसें होऊं लागलें, तर ती यंत्रणा तपासून घेणें अवश्य.

थरथरीची लय मोजणें हाही एक चांगला उपाय आहे, आणि त्यास उपकरण लागत नाहीं. पिकअपच्या पुष्कळशा टायरांचा घेर सव्वादोन मीटरांच्या आसपास भरतो. ताशीं ८० किलोमीटर वेगांत असें चाक सेकंदाला सुमारें दहा फेरे घेतें, ४० च्या वेगांत पांच. वेग उतरत जातो त्याच प्रमाणांत थरथरही मंद होत गेली, तर चाकाबरोबर फिरणारी कोणती तरी वस्तु दोषी आहे हें निश्चित समजावें.

मागच्या ड्रमची परीक्षा स्वतंत्रपणें करतां येते. ज्या गाडींत हँडब्रेक मागच्या ड्रमवर काम करतो, ती मोकळ्या, सपाट आणि निर्मनुष्य रस्त्यावर मध्यम वेगानें न्यावी. हँडब्रेकच्या दांड्याचें बटन दाबून धरून, म्हणजे तो अडकूं न देतां, दांडा हळूहळू ओढावा. थरथर आली तर मागचा ड्रम गोल राहिलेला नाहीं. न आली तर पुढच्या डिस्ककडे जावें. हा प्रयोग पावसांत किंवा वळणावर करूं नये, आणि दांडा हिसडूं नये. मागचीं चाकें जाम झालीं तर गाडी गर्रकन फिरते. रिकाम्या पिकअपला ही भीति अधिक, कारण तिचा मागचा भाग फार हलका असतो.

पुढची डिस्क दोषी ठरली तरी ‘वांकडी’ हा शब्द लगेच स्वीकारूं नये. डिस्कमध्यें दोन निरनिराळे दोष असूं शकतात आणि गॅरेजमध्यें त्यांची नेहमीं गल्लत होते. एक दोष असा, कीं डिस्क सर्वत्र सारख्या जाडीची आहे पण हबवर किंचित् तिरपी बसली आहे. ती फिरतांना जुन्या ग्रामोफोनच्या वाकड्या तबकडीसारखी डुलते. दुसरा असा, कीं डिस्कची जाडीच सर्वत्र सारखी उरलेली नाहीं. आश्चर्य हें, कीं नुसत्या डुलण्यानें ब्रेकमध्यें थरथर फारशी येत नाहीं, कारण कॅलिपरचा चिमटा आपल्या जागेवर डावी-उजवीकडे सरकूं शकतो व डिस्कच्या डुलण्याबरोबर तोही डुलतो. थरथर येते ती जाडींतील फरकामुळें. जाड भाग पॅडांमध्यें आला कीं पकड वाढते, पातळ भाग आला कीं कमी होते, आणि हा चढउतार प्रत्येक फेऱ्याला स्टिअरिंगपर्यंत पोंचतो.

मग डुलण्याकडे दुर्लक्ष करावें काय? मुळींच नाहीं; दुखण्याचें बीज तेथेंच आहे. ब्रेक सोडलेला असतांनाही पॅड डिस्कला अगदीं खेटून असतात. तिरप्या बसलेल्या डिस्कचा पुढें आलेला भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला चाटून जातो. एका किलोमीटरांत चाकाचे साडेचारशे फेरे होतात; हजारों किलोमीटरांत हें चाटणें लाखों वेळां घडतें. तेवढाच भाग झिजतो व पातळ होतो. नवी डिस्क पहिल्या दिवशीं नीट चालते आणि तीन-चार महिन्यांनीं थरथरूं लागते, याचें रहस्य हें आहे. जुनी डिस्क ज्या तिरप्या आसनावर बसली होती, त्याच आसनावर नवी बसविली गेली. लेथवर तासलेल्या डिस्कचेंही तेंच होतें.

हीं मापें किती सूक्ष्म आहेत तें पाहण्यासारखें आहे. डिस्कच्या डुलण्याची मर्यादा सामान्यतः ०.०५ ते ०.१० मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतकी असते. जाडींतील फरक तर ०.०२ मिलिमीटर झाला तरी पुरे, चालकाच्या हाताला तो कळतो. अशा हिशेबांत हबवर चिकटलेला गंजाचा एक कण म्हणजे डोंगर होय. हबचें तोंड लहान आणि डिस्कचा घेर मोठा, त्यामुळें आसनावरचा फरक डिस्कच्या कांठाला जवळजवळ दुप्पट होऊन उमटतो. कोंकणच्या पावसाळ्यांत फिरणाऱ्या गाडीच्या हबवर गंज किती धरतो, हें कोणाही मिस्त्रीला सांगावें लागत नाहीं. तो घांसून काढण्याची पांच मिनिटें मात्र फारच थोडे जण देतात.

चाकाचे नट हेंही एक कारण. चाक आणि हब यांच्यामध्यें डिस्क दाबून धरलेली असते अशा गाड्यांत, पंक्चर काढल्यावर पान्याच्या दांड्यावर उभें राहून एक नट भयंकर आवळला आणि शेजारचा हातापुरता ठेवला, तर डिस्कवर ओढ असमान पडते. नट समोरासमोरच्या क्रमानें, दोन-तीन फेऱ्यांत, आणि पुस्तिकेंत दिलेल्या मापाइतकेच टॉर्क-पान्यानें आवळावेत.

माळशेज उतरून आलेल्या त्या गाडीच्या बाबतींत आणखी एक शक्यता आहे. तीन टनांची गाडी ५०० मीटर खालीं उतरते तेव्हां जी ऊर्जा मोकळी होते, तिनें २० अंश सेल्सिअसचें चाळीस लिटरांहून अधिक पाणी उकळीस येईल. यांतला कांहीं भाग वारा आणि टायर घेतात, खालच्या गिअरमध्यें इंजिन बराचसा घेतें. पण चालक वरच्या गिअरमध्यें राहून सारखा ब्रेकवर पाय ठेवील तर उरलेली सगळी उष्णता डिस्क आणि ड्रम यांच्या वांट्यास येते. अशी तापलेली गाडी पायथ्याशीं थांबवून चालकानें पाय ब्रेकवर तसाच दाबून धरला, म्हणजे पॅडचा लेप डिस्कवर एकाच जागीं चिकटतो. तेथें पुढें पकड निराळी, उष्णताही अधिक. तापमान ६५० ते ७०० अंशांपर्यंत चढलें तर त्या जागच्या लोखंडाचें सिमेंटाइट नांवाच्या अतिशय कठीण द्रव्यांत रूपांतर होऊं शकतें. पृष्ठभागावर निळसर डाग दिसतात. असे डाग लेथनें वरवर निघाले तरी खालचा कठीण भाग राहतो व पुन्हां उंचावतो; तेथें डिस्क बदलणेंच शहाणपणाचें.

अमेरिकेंतील शर्यतीच्या मोटारींचे अभियंते कॅरोल स्मिथ यांनीं तर ‘वांकलेली डिस्क’ ही एक दंतकथाच ठरविली. आपण तपासलेल्या अशा डिस्कांवर पॅडचा असमान लेपच सांपडला, असें त्यांचें प्रतिपादन होतें. शर्यतीच्या मोटारीचा अनुभव मालवाहू गाडीला जसाच्या तसा लावतां येणार नाहीं, कारण गंज आणि झीज हे इकडचे मोठे शत्रु आहेत. पण ‘वांकडी’ म्हणून मोकळें होण्याची संवय मोडण्यास तें मत उपयोगी पडतें.

तेव्हां मिस्त्रीकडून काय करून घ्यावें? गाडी जॅकवर घेऊन खालीं भक्कम टेकू दिल्यावर प्रथम चाक वर-खालीं आणि डावी-उजवीकडे हालवून पाहावें. बेअरिंग, बॉल-जॉइंट किंवा टाय-रॉड यांत ढिलाई सांपडली, तर डिस्कचा विचार बाजूला ठेवून ती आधीं दूर करावी. ढिलाईनें थोडी थरथर मोठी होऊन जाणवते, आणि थरथरीपेक्षां अशी ढिलाई कितीतरी अधिक घातक. गाडी उभी करावी, पुढची खेप रद्द करावी, पण तशी चालवूं नये. सैल झालेल्या चाकाच्या नटांविषयींही हेंच. ढिलाई नसेल तर डायल-गेज लावून डिस्कचें डुलणें मोजावें, आणि मायक्रोमीटरनें डिस्कची जाडी सात-आठ ठिकाणीं मोजून लिहून ठेवावी. हे आंकडे मालकानें आवर्जून मागावेत. जाडी डिस्कवर कोरलेल्या किमान मापाखालीं गेली असेल, तर लेथचा प्रश्नच उरत नाहीं. कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकलेल्या असतील तर त्या साफ करून योग्य तें ग्रीस लावावें. नाहीं तर एक पॅड सदैव घांसत राहतो.

डिस्क उतरविल्यावर हबचें तोंड तारेच्या ब्रशनें चकचकीत करावें. कांहीं गाड्यांत डिस्क काढण्यासाठीं अख्खा हब उतरावा लागतो व बेअरिंग पुन्हां बसवावें लागतें. तेथें मिस्त्री टाळाटाळ करतो, त्याला थोडे अधिक पैसे द्यावेत. डिस्क बसविल्यावर डुलणें पुन्हां मोजावें. तें मर्यादेबाहेर असेल तर, बसविण्याची रचना तशी असल्यास, डिस्क एक-दोन भोंकें फिरवून बसवून पाहावी. पुष्कळदां तेवढ्यानें काम होतें.

नवीन पॅड आणि डिस्क यांची ओळख करून देणें हा शेवटचा विधि. मोकळ्या रस्त्यावर ताशीं ६० वरून १५ पर्यंत वेग मध्यम ब्रेकनें दहा-पंधरा वेळां उतरवावा, मध्यें थंड होण्यास अवकाश द्यावा, आणि या अवधींत गाडी पूर्ण थांबवूं नये. अशानें पॅडचा पातळ लेप डिस्कवर सर्वत्र सारखा बसतो. घाट उतरल्यावरही चहाची टपरी दिसतांच थांबण्याऐवजीं तीन-चार किलोमीटर सपाटीवर गाडी बेतानें चालूं द्यावी. थांबल्यावर गिअर टाकावा, चाकाखालीं दगड लावावा आणि ब्रेकवरचा पाय काढावा. नवें काम झाल्यावर शंभरेक किलोमीटरांनीं चाकाचे नट पुन्हां एकदां टॉर्क-पान्यानें तपासून घ्यावेत.