मांडवात बोलायचं कुणाच्या शब्दांत?

तुळशीचं लग्न लागलं, की मुरबाड-शहापूर पट्ट्यात लग्नसराईचे वेध लागतात. मांडववाला, बँजो, आचारी ठरतात, पत्रिका छापायला जातात. शेवटच्या आठवड्यात लक्षात येतं, की नवरीचा उखाणा राहिलाय, मंगलाष्टकांत दोन्हीकडच्या मामांची नावं गुंफायची आहेत, पाठवणीला वडिलांनी माइकवर चार शब्द बोलायचे आहेत. अशा वेळी शाळेतल्या गुरुजींकडे नाहीतर गावातल्या हौशी कवीकडे धाव घेतली जायची. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं आणि हे काम मोबाइलवर मिनिटभरात होऊ लागलं.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र यंत्र हे शब्द आणतं कुठून, हे कळलं तर त्याच्याकडून काय मागायचं आणि काय आपल्याकडे ठेवायचं, हे ठरवता येतं.

पुढचा शब्द कोणता?

चॅटजीपीटीसारख्या चॅटबॉटच्या मुळाशी भाषेचं प्रारूप असतं. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ रचनेवर आजचे बहुतेक चॅटबॉट उभे आहेत. प्रचंड मजकूर वाचून हे प्रारूप शिकतं ते एवढंच, की आतापर्यंतचे शब्द पाहता पुढे काय येण्याची शक्यता किती. नंतर माणसांच्या पसंतीनुसार त्याला वळण लावलं जातं, पण लिहिण्याची रीत तीच राहते. उखाण्यात ‘चांदीच्या’ आलं, की ‘ताटात’ किंवा ‘वाटीत’ यांचं पारडं जड होतं, कारण इंटरनेटवरच्या उखाण्यांत तेच ठासून भरलं आहे. वेगळं काही सांगितलं नाही, तर मुरबाडच्या आणि मिरजेच्या नवरीला जवळपास सारखाच उखाणा मिळतो, तो यामुळे.

मराठीची आणखी एक अडचण आहे. संगणकाच्या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. चॅटबॉट मजकूर वाचतो तो ‘टोकन’ नावाच्या तुकड्यांत. हे तुकडे इंग्रजीच्या मापानं कापलेले असले, की मराठी शब्दाचा चुरा होतो. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे नवं प्रारूप आणताना चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं जाहीर केलं, की ज्या मराठी नमुन्याला आधी ९६ टोकन लागत, त्याला आता ३५ पुरतात. त्यामुळे मराठीतलं काम जलद आणि स्वस्त झालं. यमकाचा प्रश्न मात्र उरतो. आपण यमक कानानं जुळवतो. लिहिलेल्या मजकुरातून प्रारूपापर्यंत आवाज पोचत नाही, तुकड्यांचे आकडे पोचतात. म्हणून नावाला जुळणारा शब्द कधी अचूक बसतो, कधी ओढूनताणून आणलेला वाटतो.

धवलारीन काय करते?

ठाणे-रायगडकडच्या आगरी लग्नांत विधीविधीला धवले, म्हणजे लग्नगीतं, गाणारी धवलारीन असते. वारली समाजात तर धवलेरीच लग्न लावते. चाली ठरलेल्या, बऱ्याच ओळीही ठरलेल्या; मध्ये नवरा-नवरीची, आईबापांची नावं येतात. ही परंपरा जुनी आहे. तेराव्या शतकात महदंबेनं रचलेले श्रीकृष्ण-रुक्मिणी विवाहाचे धवळे मराठीतल्या आद्य काव्यांत गणले जातात.

म्हणजे तयार साच्यात नावं बसवण्याचं काम धवलारीनही करते. मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड या अमेरिकी अभ्यासकांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातल्या लोकगायकांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. हे गायक हजारो ओळी जशाच्या तशा पाठ करत नसत. ठरीव शब्दबंध हाताशी घेऊन गाता गाता ओळी रचत, असं त्यांना आढळलं. साच्यामुळे गाणं खोटं ठरत नाही. त्या साच्यात काय भरलं, यावर सगळं ठरतं. नवरीची आजी दुखरे गुडघे सावरत मांडवात आली आहे, मोठा मामा रुसून मागे बसला आहे, हे धवलारणीला समोर दिसतं. चॅटबॉटला आपण सांगू तेवढंच कळतं. शिवाय धवले कागदावर फार थोडे उतरले आहेत आणि प्रारूप मुख्यतः लिखित मजकुरावर शिकतं. त्यामुळे आगरी बोलीत काही मागितलं, तर प्रमाण मराठीला बोलीतले चार शब्द चिकटवून मिळण्याची शक्यता जास्त.

‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात २०२४ मध्ये अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सुमारे ३०० जणांना छोट्या गोष्टी लिहायला दिल्या होत्या. एआयकडून कल्पना घेतलेल्या गोष्टी वाचकांना सरस वाटल्या, लिहिण्यात कच्च्या असणाऱ्यांना जास्त फायदा झाला. पण त्या गोष्टी एकमेकींसारख्या होऊ लागल्या. लग्नाच्या भाषणांचंही असंच होण्याचा धोका आहे. एकेका घराचं काम भागेल आणि गावाची भाषा सपाट होईल.

वचन आणि कायदा

नवरा-नवरीनं कळणाऱ्या भाषेत एकमेकांना वचन देणं आपल्याकडे नवं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह झाला. फुल्यांनी रचलेल्या मराठी मंगलाष्टकांत नवरी स्त्रियांच्या हक्कांचं वचन मागते आणि वर ते देतो. माळशेज घाट चढून गेलं की पुढे लागणाऱ्या ओतूरला भटजीवाचून लग्नं लागली, तेव्हा ग्रामजोश्यांनी दावा लावला आणि तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्या शब्दांत लग्न लावता यावं म्हणून लोक कोर्टाची पायरी चढले आहेत.

काही शब्दांना कायद्याचं वजन असतं. नेदरलँड्समध्ये एप्रिल २०२५ मध्ये लागलेलं एक लग्न जानेवारी २०२६ मध्ये न्यायालयानं अवैध ठरवलं. लग्न लावणाऱ्या मित्रानं चॅटजीपीटीकडून मजकूर लिहून घेतला होता आणि विवाहाची कायदेशीर कर्तव्यं पार पाडू, हे बंधनकारक विधान त्यात आलंच नव्हतं. आपल्या विशेष विवाह कायद्यातही (१९५४) विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी म्हणायचं वाक्य ठरलेलं आहे. हिंदू विवाह कायदा (१९५५) रूढ विधी मानतो. सप्तपदी असेल तिथे सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. मनोगत हवं तसं लिहा, पण कायद्यानं ठरलेल्या भागाला हात लावू नका.

मागायचं कसं?

‘छान भाषण लिहून दे’ असं म्हणू नका. समजा, सिद्धगडाच्या पायथ्याला नारिवलीत लग्न आहे आणि नवऱ्याला दोन मिनिटं बोलायचं आहे. मोरोशीला एसटी बंद पडली तेव्हा दोघं भर पावसात चालत निघाले आणि तिनं आपली छत्री एका म्हातारीला देऊन टाकली, ही आठवण त्यानं आधी स्वतःच्या शब्दांत लिहावी. मग चॅटबॉटला सांगावं, ‘लगेच लिहू नकोस, आधी मला प्रश्न विचार.’ उत्तरं देता देता आपलंच बरंच काही आठवतं. नंतर क्रम लावायला, लांबण कापायला यंत्राची मदत खुशाल घ्यावी. तयार मजकूर बहिणीला मोठ्यानं वाचून दाखवावा; ‘असं तू कधी बोलतोस?’ असं ती म्हणेल तो शब्द काढून टाकावा. आधार क्रमांक, आजारपणं, घरातली भांडणं यंत्राला सांगू नयेत.

तारखा आणि नावंही पडताळावीत. चॅटबॉट चुकीचं उत्तरही ठामपणे देतो. सिद्धगडाच्या हुतात्म्यांना वंदन करायचं असेल, तर स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना २ जानेवारी १९४३ रोजी तिथे वीरमरण आलं, हे गावातल्या जाणत्या माणसाकडून पक्कं करून घ्यावं.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या अनेक आज ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. धवल्यांसाठीही असं काम व्हायला हवं आणि त्याला लागणारा फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. या सराईत तुमच्या मांडवात धवलारीन गाणार असेल, तर डीजे थोडा वेळ बंद ठेवा. तिची परवानगी घेऊन तिचं पूर्ण गाणं ध्वनिमुद्रित करा, सोबत तिचं नाव-गाव नोंदवा आणि तिला योग्य मानधन द्या.