चष्म्याचा नंबर नाही, भानगड वेगळीच!

दिवसभर कॉम्प्युटर, रात्री मोबाइल. डोळ्यांपुढे अंधुक डाग आला, की आपलं निदान तयार : स्ट्रेन! बहुतेकदा ते खरंही असतं. पण चाळिशीच्या आसपास, डायबेटिस नसताना, डोळ्याच्या पडद्यावर डायबेटिसवाल्यांसारखे बदल दिसले तर? कारणांच्या यादीत अगदी तळाला एक नाव असतं, आरव्हीसीएल. जगात मोजक्याच कुटुंबांत सापडलेला आनुवंशिक आजार.

यात पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद पडतात. नजरेत आंधळे ठिपके तयार होतात, वाचताना अक्षरं गायब होतात. पुढे तीच गत मेंदूत. काहींना किडनी आणि लिव्हरचाही त्रास. त्यातून एमआरआयवर मेंदूतली सूज चक्क ट्यूमरसारखी दिसते. ट्यूमर समजून काही पेशंट्सच्या मेंदूचं ऑपरेशनही झालंय!

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या डॉक्टरांनी १९८८मध्ये एका कुटुंबातल्या या आजाराची नोंद केली. जबाबदार जीन सापडायला २००७ उजाडलं. त्याचं नाव ट्रेक्स-वन. त्याचं प्रोटीन म्हणजे पेशीतला सफाई कामगार, भटका डीएनए कुरतडून टाकणारा. एरवी हा गडी शेपटीनं एका जागी बांधलेला असतो. या आजारात शेपूटच तुटलेली. काम येतं, पण जागेवर थांबत नाही, पेशीभर भटकतो.

आई किंवा वडिलांना हा आजार असेल, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के. सरळ छापा-काटा! रक्ताच्या जेनेटिक टेस्टनं उत्तर मिळतं, आजार थांबवणारं औषध मात्र नाही. नवीन, नाजूक रक्तवाहिन्या फुटू नयेत म्हणून लेसर करतात, तेवढाच आधार.

मग सत्ताविसाव्या वर्षी, ठणठणीत असताना, टेस्ट करायची का? करिअर, होम लोन, मूल, सगळंच त्या एका कागदावर येतं. आणि लग्न ठरत असेल तर? आपल्याकडे पत्रिका बघणारे हा रिपोर्ट कसा वाचतील, ते सांगायला नको. आमचं मत विचाराल तर आधी जेनेटिक काउन्सेलर, मग लॅब. नको वाटलं तर ‘नको’ म्हणायचा पूर्ण हक्क तुमचा. पुढेमागे त्रास झालाच, तर घरातला हा इतिहास न्यूरोलॉजिस्टला पहिल्याच भेटीत सांगा, नाहक ऑपरेशन टळू शकतं.

आणि हो, ऑफिसच्या कॅम्पमधली अक्षरं वाचायची टेस्ट म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. त्यासाठी थेंब टाकून बाहुली मोठी करतात. काही तास सगळं धूसर दिसतं, तेव्हा त्या दिवशी बाइक घरीच ठेवा.