काळ्या मातीतील देवचाफा

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो तेव्हा अंगणातील जास्वंद माना टाकते, कुंडीतील गुलाब करपतो. कोपऱ्यातला देवचाफा मात्र त्याही उन्हात फुलांचे गुच्छ मिरवीत उभा असतो. हेच झाड जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात, बुंध्याशी मऊ पडून एके दिवशी कोलमडते. उन्हाळ्यात तगलेले झाड पावसाळ्यात का मरावे, असा प्रश्न वर्धा, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर या पट्ट्यात चाफा लावणाऱ्यांना पडतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा झाडात नसते, त्याच्या पायाखालच्या मातीत असते.

आपल्याकडे 'चाफा' हे नाव फार सैल हाताने वाटले गेले आहे. सोनचाफा, हिरवा चाफा आणि भुईचाफा ही तिन्ही वेगवेगळ्या कुळांतील झाडे. देवचाफा किंवा खुरचाफा हा कण्हेर, सदाफुली आणि रुई यांचा नातलग. फांदी मोडताच पाझरणारा पांढरा चीक हीच त्याची ओळख. चार्ल्स प्लुमिए या सतराव्या शतकातील फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून त्याला 'प्लुमेरिया' हे शास्त्रीय नाव मिळाले. देवळांच्या आवारात तो इतका रुळला आहे, की हे झाड मूळचे मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडील आहे यावर सहसा विश्वास बसत नाही. तिकडच्या कोरड्या, निचऱ्याच्या जमिनीत पावसाळ्यात वाढायचे आणि कोरड्या ऋतूत पाने टाकून स्वस्थ बसायचे, हा त्याचा स्वभाव. जाड, गुबगुबीत फांद्यांत तो पाणी साठवून ठेवतो. म्हणूनच वर्ध्याचे ऊन त्याला मानवते.

मानवत नाही ती येथील भारी काळी जमीन. जिल्ह्यात वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. काळी चिकणमाती हे पाणी शोषून फुगते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या बंद होतात आणि चाफ्याची मांसल मुळे गुदमरून कुजू लागतात. आर्वी, आष्टी, कारंजाकडील संत्रा बागायतदारांना हा प्रकार नवा नाही. पाणी साचणाऱ्या जमिनीत संत्र्याला होणारा डिंक्या आणि मूळकुज यांचे कारणही ओल हेच असते. कारंजा-आष्टीच्या चढउताराच्या मुरमाड जमिनीत चाफा फारशी काळजी न घेता वाढतो. त्रास आहे तो खोल काळ्या मातीत घर बांधलेल्यांना.

येथे नेहमीचा सल्ला घातक ठरतो. 'दोन फुटांचा खड्डा घ्या, वाळू-शेणखताने भरा आणि झाड लावा' असे सांगितले जाते. परंतु काळ्या मातीत असा खड्डा म्हणजे एक छोटा हौदच. भोवतालची माती पाणी पुढे जाऊ देत नाही, आणि वाळू भरलेल्या पोकळीत अंगणभरचे पाणी उतरून साचते. म्हणून खाली खणण्याऐवजी वर चढावे. जमिनीवर दीड फूट उंच, तीन-चार फूट रुंद असा मुरूम, जाड वाळू, थोडी माती आणि कुजलेले शेणखत यांचा उंचवटा करून त्यावर चाफा लावावा. कुंडीत लावायचा असल्यास मातीची कुंडी उत्तम. तिचे छिद्र खापरीने झाकावे, बुजवू नये, आणि पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवावी.

कूलरचा मुद्दा खास विदर्भाचा. टाकीतून ओघळणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत चाफ्याची कुंडी नेमकी कूलरखाली ठेवतात. सततच्या ओलीचा त्रास तर होतोच. शिवाय पाण्याची वाफ होत राहिल्याने टाकीत उरलेल्या पाण्यात क्षार वाढत जातात. ते मातीत साठले की पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतात. कडा जळाल्या की आपण उन्हाला दोष देतो आणि आणखी पाणी घालतो.

हिवाळ्यातही असेच होते. डिसेंबरात टोकदार पानांचा चाफा पिवळा पडून संपूर्ण निष्पर्ण होतो. हा रोग नव्हे, विश्रांती आहे. या दिवसांत पाणी जवळजवळ बंदच ठेवावे. बोथट, गोलसर टोकाच्या गर्द पानांची जात एवढी उघडीबोडकी होत नाही, तिला अधूनमधून थोडे पाणी चालते.

नवे झाड करण्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये एक-दीड फूट लांबीची, करड्या सालीची पक्की फांदी घ्यावी. हिरवी कोवळी फांदी हमखास सडते. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. त्वचेलाही तो झोंबतो. कापलेली फांदी आठ-दहा दिवस सावलीत तशीच पडू द्यावी. जखम सुकून तिच्यावर खपली धरली की मगच ती वाळूमिश्रित मातीत तीन-चार इंच खोल रोवावी. एकदा हलके पाणी दिल्यावर पाने फुटेपर्यंत हात आवरावा. मुळे धरायला दीड-दोन महिने लागतात आणि या काळात फांदी उपटून पाहण्याचा मोह अनेकांना आवरत नाही, हेही खरे! बियांपासूनही रोपे होतात, पण ती मूळ झाडासारखीच निघतील याची खात्री नाही आणि फुलांसाठी तीन वर्षे किंवा अधिक थांबावे लागते.

झाड जोमदार आहे पण फूल नाही, या तक्रारीमागे सहसा तीन कारणे असतात: पुरेसे ऊन नसणे, युरियाचा मारा, किंवा दरवर्षीची छाटणी. चाफ्याचा फुलोरा फांदीच्या शेंड्यावरच येतो. शेंडे छाटले की त्या वर्षीची फुलेही गेली. आकार द्यायचाच असेल तर झाड निष्पर्ण असताना, उन्हाळ्याआधी द्यावा.

ऑगस्टनंतर पानांच्या खालच्या बाजूस नारिंगी भुकटीचे ठिपके दिसतात, तो तांबेरा. अशी पाने तोडून, गळलेलीही वेचून नष्ट करावीत. खतखड्ड्यात टाकू नयेत. कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. २००८ मध्ये भारतात प्रथम नोंदलेला पपईवरील पिठ्या ढेकूण चाफ्यावरही येतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा आणि नंतर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे.

खोड मऊ पडल्याचे वेळीच लक्षात आले तर झाड वाचवता येते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बुंधा बोटाने दाबून पाहावा. दबला, तर औषधांच्या मागे न लागता वरच्या निरोगी फांद्या तत्काळ कापून घ्याव्यात. काप आतून स्वच्छ पांढरा दिसेपर्यंत, दरवेळी सुरी पुसून, वर सरकत जावे. तपकिरी डाग उरला तर सड पुढे चालूच राहते. कुज एखाद्याच फांदीत असेल तर ती काढून उरलेल्या जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी. शंभर ग्रॅम मोरचूद व शंभर ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून, एकत्र करून एकूण लिटरभर पाण्यात ती तयार होते. कापलेल्या निरोगी फांद्या पावसापासून दूर, कोरड्या जागी सुकवाव्यात. त्या लगेच रोवण्याची घाई नको. काही आठवडे तशाच टिकतात आणि पाऊस उघडल्यावर लावल्या तरी चालतात.