पाऊण सेकंदाच्या आत चार गिरक्या

फिगर स्केटिंगमधली चार गिरक्यांची उडी हवेत टिकते जेमतेम 0.7 सेकंद. ढोबळ हिशेबाने मिनिटाला 340 फेरे! घरातला छताचा पंखा पाचवर टाकला की साधारण याच वेगाने फिरतो. अमेरिकेच्या इलिया मॅलिनिनने तर 2022 मध्ये, वयाच्या 17व्या वर्षी, स्पर्धेत साडेचार गिरक्यांची उडी घेतली. जगात पहिल्यांदाच.

आता फिरणाऱ्याचे हात बघा. 60 किलोच्या खेळाडूचा एक हात सुमारे 3 किलोचा. छातीशी आवळलेला तो हात फिरण्याच्या अक्षापासून 15 सेंटीमीटरवर आहे असं धरलं, तर या वेगात त्याला बाहेर ओढणारा जोर 55 ते 60 किलो भरतो. एकेका हाताला! पकड किंचित सैल पडली की वेग उतरतो आणि गिरकी अर्धवट राहते. ही ताकद कमावली जाते ती कोरड्या जमिनीवर, दोरीच्या उड्या मारून, पोटाचे-पाठीचे व्यायाम करून, स्केटिंगचे बूट न घालता त्याच गिरक्या पुन्हा पुन्हा घेऊन. उतरताना एका पायावर वजनाच्या पाचपट, कधी त्याहूनही जास्त भार येतो. 50 किलोच्या मुलीच्या एका पायावर अडीच क्विंटल.

जमिनीवर घडलेले पाय म्हटलं की मला बीड आठवतं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 7 जुलै 2024 रोजी पॅरिसमध्ये 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 9.91 सेकंदांत धावला. वाटेत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरून झेप. ताशी 22 किलोमीटरच्या वेगात सरासरी दर 14 सेकंदांना एक उडी, सलग आठ मिनिटं! बर्फ त्याने पाहिला तो सैनिक म्हणून, सियाचीनला.

बीडच्या मुलांना बर्फावर स्केटिंग करायचं तर बीडपासून देहरादूनची 2011 मध्ये बांधलेली मोठी आइस रिंक सरळ रेषेतही साडेबाराशे किलोमीटरहून लांब आहे. उडी मोजायला मात्र शाळेची भिंत आणि खडू पुरतो. उभं राहून हात पोचतो तिथे एक खूण, उडी मारून पोचतो तिथे दुसरी. दोन्हींमध्ये 45 सेंटीमीटर अंतर असेल तर मूल सुमारे 0.6 सेकंद हवेत होतं. 0.7 साठी 60 सेंटीमीटर लागतात. वाढलेल्या या 15 सेंटीमीटरनी मिळतो सेकंदाचा फक्त दहावा भाग, आणि मिनिटाला 340 फेऱ्यांच्या वेगात तेवढ्यात अर्ध्याहून जास्त गिरकी होते.