मळखाऊ रंगांच्या मुलखात लॅव्हेंडर

यंदा २ जानेवारीला स्वातंत्र्यलढ्यातले हुतात्मे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या स्मृतिदिनी सिद्धगडाच्या पायथ्याशी गेले होते. दुसऱ्याच दिवशी पौष पौर्णिमा, म्हणजे म्हशाची जत्रा. मुरबाड तालुक्यात येऊन ती चुकवणं माझ्याच्याने होत नाही. बैलबाजार पाहून घोंगड्यांच्या दुकानांत शिरले. काळी, करडी, हाताला टोचणारी घोंगडी. ती रांग संपली आणि पुढच्या दुकानात बादल्या, डबे, पाण्याच्या बाटल्या दिसल्या: फिका जांभळा, पिस्ता, अबोली, दुधी गुलाबी. शेजारी मुलींच्या फ्रॉकची दोरी होती, तीवर हेच चार रंग. पलीकडे मोबाइलची कव्हरं होती, तिथेही तेच.

बादली करणारा, फ्रॉक शिवणारा आणि कव्हर विकणारा एकमेकांना ओळखतही नसतील. मग एकाच हंगामात तिघांकडे एकच रंग कसा आला?

रंग ठरवण्याचा धंदा जुना आहे. पॅरिसमध्ये १९६३ साली ‘इंटरकलर’ ही संस्था सुरू झाली. निरनिराळ्या देशांचे जाणकार तिथे बसून पुढच्या दोनेक वर्षांचे रंग ठरवतात. एवढी घाई का, तर सूत रंगवायला, कापड विणायला आणि माल दुकानात पोचायला तेवढा वेळ लागतोच. ‘पॅन्टोन’ ही अमेरिकी कंपनी २००० पासून वर्षाचा रंग जाहीर करते. २०१६ला तिने फिका गुलाबी आणि फिका निळा असे दोन रंग निवडले. २०२४चा रंग होता ‘पीच फझ’. आपल्या भाषेत तो अबोलीच्या अगदी जवळचा. २०२३साठी ‘डब्ल्यूजीएसएन’ आणि ‘कलोरो’ या रंगांचे अंदाज बांधणाऱ्या कंपन्यांनी ‘डिजिटल लॅव्हेंडर’ पुढे केला होता. फॅशनवाले, प्लॅस्टिकवाले, भिंतींचा रंग करणारे सगळे हेच अंदाज विकत घेतात किंवा एकमेकांचं पाहून उचलतात. अंदाज खरा ठरतो याचं एक मोठं कारण हेच की तो सगळ्यांनी वाचलेला असतो. नवरात्रात आपण हे दरवर्षी अनुभवतो. ‘महाराष्ट्र टाइम्स’ने दोन दशकांपूर्वी नऊ दिवसांचे नऊ रंग छापायला सुरुवात केली आणि लोकलचे डबेच्या डबे एका रंगाचे दिसू लागले.

मोठ्या लग्नांनी या वाऱ्याला जोर दिला. डिसेंबर २०१७मध्ये इटलीतल्या आपल्या लग्नात अभिनेत्री अनुष्का शर्माने लालभडक सोडून सब्यसाचीचा फिका गुलाबी लेहंगा नेसला. त्यानंतर साडीच्या दुकानांत ज्यांना ‘इंग्लिश कलर’ म्हणतात, त्यांची मागणी शालूच्या कपाटापर्यंत गेली. मोबाइलचा कॅमेराही या रंगांच्या बाजूचा आहे. लालभडक रंग फोटोत फुटतो आणि त्यातली वीण हरवते. फिक्या कापडावरची बुट्टी मात्र स्पष्ट उमटते, आणि हल्ली साडी आधी फोटोत पसंत होते.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. फिका रंग काहीही झाकत नाही. त्याच्या खालचं सगळं पांढरंस्वच्छ असावं लागतं.

कापडाचंच बघा. भिवंडीच्या यंत्रमागावरून उतरणाऱ्या कोऱ्या कापडाला व्यापारी ‘ग्रे’ म्हणतात, पण दिसायला ते पिवळट असतं. मागाच्या तेलाचे डाग असतात, सुताला खळ असते. त्यावर गडद मरून चढवला तर बरंचसं खपून जातं. लॅव्हेंडर चढवायचा तर आधी खळ काढा, उकळवा, पेरॉक्साइडने ब्लीच करा, पुन्हा धुवा. रंग लागतो कापडाच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी, मात्र तो कणभर कमीजास्त झाला तरी ठिगळासारखा दिसतो. असा बिघडलेला लॉट मग काळ्या किंवा गडद निळ्या रंगात बुडवून वाचवतात.

प्लॅस्टिकचंही तसंच आहे. भंगारातलं मिसळ प्लॅस्टिक वितळवलं की राखाडी, मळकट होतं, म्हणून स्वस्त बादल्या, घमेली काळी किंवा गडद असतात. पिस्ता बादलीला कोरा दाणा लागतो, वर टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा. घराचं सांगायचं तर मुरबाडच्या या डोंगरात कारवीचा कूड असे, वर शेणमातीचा लेप. त्यावर लॅव्हेंडर बसणार कसा? त्याला सिमेंटचा गिलावा, पुट्टी, प्रायमर हवा. आणि हीच कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते तेव्हा डोंगराचे उतार निळसर जांभळे होतात. आज दुकानात ज्याला लॅव्हेंडर म्हणतात तोच रंग. तो इथे परका मुळीच नाही. अंगावर आणि भिंतीवर मात्र आत्ता आला.

आपल्या भाषेत एक फार नेमका शब्द आहे: मळखाऊ. मळ पोटात घेणारा रंग. लाल मातीत, चिखलणीत, चुलीच्या धुरात राबणाऱ्या बाईने लुगडं निवडायचं ते मळखाऊ. त्यामागे आवडीपेक्षा पाण्याचा हिशेब जास्त असतो. धनगराच्या घोंगडीला रंगच नसतो, मेंढीच्या अंगावरचा तोच तिचा. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, वैतरणा आहे, भातसा आहे. मुंबईची तहान हा तालुका भागवतो आणि उन्हाळ्यात त्याच्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बाईला रोज फिका कपडा धुणं परवडत नाही. माझ्या लेखी हा अन्यायच आहे, आणि रंगांचे अंदाज बांधणाऱ्या कुठल्याही बैठकीत त्याची दखल नसते. पॅन्टोनने २०२६साठी ‘क्लाउड डान्सर’ म्हणजे जवळजवळ पांढराच रंग निवडला आहे.

जत्रेतल्या त्या फ्रॉकच्या दुकानात एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन उभी होती. मुलीने लॅव्हेंडरचा फ्रॉक घट्ट धरलेला. आईने शिवण उलटून पाहिली, कडेचं कापड अंगठ्याने चोळलं.

“भाऊ, मातीचा डाग निघंल ना यातून?”

“पॉलिस्टर हाय, ताई. साबण लावा, निघतो.”

तिने घासाघीस करून तो घेतला, घडी घालून पिशवीत सगळ्यात वर ठेवला. मग स्वतःसाठी साडी काढायला सांगितली. दुकानदाराने आधी पिस्ता उघडली, मग अबोली. तिने दोन्हींवरून हात फिरवला आणि खालच्या थप्पीतली गडद आमसुली ओढून काढली.