पडायचं कुणी?

बोरी धरण भरून वाहू लागलं की नळदुर्गच्या किल्ल्यात नर आणि मादी हे दोन्ही धबधबे सुरू होतात आणि सोलापूर, तुळजापूर, उमरग्याकडच्या मोटारसायकली तिकडे वळतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातल्या पाणीमहालात उभं राहून कोसळतं पाणी बघावं, अशी ही जागा. आता तिथं पाण्याकडे पाठ केलेली पोरंच जास्त. एक जण कठड्याशी माकडचाळे करतो, दुसरा मोबाइल धरतो, तिसरा ओरडतो. मुलीही येतात, पण व्हिडिओत त्यांचं काम बहुधा किंचाळण्याएवढंच.

अचाट कसरत आणि आचरट विनोद यांची ही मिसळ जगभर खपवली ती अमेरिकेतल्या ‘जॅकअ‍ॅस’नं. एमटीव्हीवर 2000 साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात मार खाणारे जवळजवळ सगळे गोरे पुरुष. ठेंगण्या जेसन अकुन्याच्या वाट्याला आलेले पुष्कळसे विनोद त्याच्या उंचीवरचेच. कायमच्या चमूत पहिली बाई, रेचल वुल्फसन, दिसायला 2022 सालचा ‘जॅकअ‍ॅस फॉरेव्हर’ उजाडावा लागला. त्याच वेळी जॅस्पर डॉल्फिन, एरिक मनाका हे कृष्णवर्णीय कलाकारही आले.

आपल्याकडे मात्र उलटं होतं. जीव धोक्यात घालून लोकांना हसवण्याचं काम गावगाड्यानं आधीच वाटून दिलं होतं आणि ते गेलं डोंबारी-कोल्हाट्यांकडे. ढोलकी बापाच्या हातात, दोरीवर मुलगी. तिच्याइतकं ‘प्रतिनिधित्व’ आणखी कुणाला मिळालं असेल? नको होतं तेव्हाही मिळालं! आणि कायदा काय म्हणतो पाहा. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमात भीक मागण्याच्या व्याख्येतच गाणं, नाचणं, भविष्य सांगणं आणि खेळ करून दाखवणं या सबबी घातल्या आहेत. म्हणजे बाजारात कोलांटी मारून थाळी फिरवली तर भीक. तीच कोलांटी मोबाइलवर टाकून जाहिरात मिळवली तर कंटेंट.

कसरतीला तंबू, तिकीट आणि मान मिळाला तो सर्कशीत. सांगलीकडच्या विष्णुपंत छत्र्यांनी 1880 साली ग्रेट इंडियन सर्कस काढली, तेव्हा त्यांच्या पत्नी आवडाबाई झुल्यावर कसरती करत. पुढे 1935 च्या ‘हंटरवाली’त फिअरलेस नादियानं मारामारी आणि उड्या स्वतः केल्या. बाईला हे जमत नाही, हे मग कुणी ठरवलं? सर्कशीची काळी बाजूही होती. तिथं मुलांना राबवण्यावर सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये बंदी घातली. दोरीवरची पोर मात्र अजून दिसते.

मोबाइलनं एक दार खरंच उघडलं. 2020 च्या जूनमध्ये टिकटॉक बंद होईपर्यंत ना ओळख, ना शुद्ध भाषा, ना गोरा चेहरा, अशी खेड्यातली पोरं त्यावर गाजली. बारामती तालुक्यातल्या मोढव्याच्या सूरज चव्हाणला लोक आधी हसले, चिडवलं. 2024 मध्ये तोच बिग बॉस मराठीचा विजेता झाला. बायकांची जागा तरीही पुरुषांनीच घेतलेली. तमाशात मावशी पुरुष करतो, तशी रीलमधली आई, सासू, शेजारीणही पोरगाच: डोक्यावर टॉवेल घेतला की झाली बाई! मग तिला लाटणं मारा, चिखलात ढकला, सगळं चालतं. खरी बाई अशी आपटली तर खाली प्रतिक्रिया येतात त्या तिच्या कपड्यांवर आणि घरच्यांवर. म्हणून ती पडायचं टाळते. घाबरते म्हणून नव्हे.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. दोरीवरच्या मुलीचा व्हिडिओ कुणीही काढतो, त्यावर विनोदी संगीत चढवतो आणि आपल्या चॅनेलवर टाकतो. खाली तिचं नाव नसतं. बघणारे वाढले तर पैसे चॅनेलवाल्याचे. तिच्या बापाला मिळतं ते त्या दिवशी थाळीत पडलेलं नाणं.