दुकानाचा ताळेबंद होतो, शरीराचा कधी होणार?

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, या पानावर आपण नेहमी बाजारभाव, कर, कर्ज आणि उधारी यांची चर्चा करतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. तो आहे आपले वाढलेले वजन. परंतु हा विषय धंद्याबाहेरचा आहे असे कृपया समजू नये. लहान धंद्यात मालक हाच मुनीम असतो, तोच हमाल आणि तोच विक्रेता. तो अंथरुणाला खिळला की दुकानाचे शटरही खाली येते. कोरोनाच्या साथीने ही गोष्ट आपल्याला फार महागात शिकविली आणि आपण ती फार लवकर विसरत चाललो आहोत.

मराठवाड्यातील आमच्या तालुक्याच्या गावी आमचे कापडाचे दुकान आहे. दुकानासमोर एक टेलर मास्टर बसत. वय पंचेचाळीसच्या आत, हाताला सफाई, पोट मात्र सुटलेले. एप्रिल २०२१ मध्ये, ऐन रमजानात, त्यांना कोरोना झाला. दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा साखर चारशेच्या वर निघाली. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळले. ईदपूर्वीच त्यांचा इंतकाल झाला. ईदसाठी कापून ठेवलेले कपडे गिऱ्हाइकांनी तसेच परत नेले. मशीनसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते त्यांच्या मुलाने शिक्षण सोडून फेडले. मास्टर दरवर्षी मशीनला तेलपाणी करून घेत, पट्टा बदलत. स्वतःचे रक्त मात्र त्यांनी एकदाही तपासून घेतले नव्हते.

साथ गेली, धोका राहिला

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मुखपट्ट्या गेल्या, सॅनिटायझरच्या बाटल्या अडगळीत पडल्या. परंतु साथीने एक गोष्ट स्पष्ट करून ठेवली आहे. ज्यांना लठ्ठपणा, मधुमेह किंवा रक्तदाब होता त्यांच्यात आजार गंभीर होण्याचे प्रमाण अधिक होते. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे जे रुग्ण आढळले, त्यांतही अनियंत्रित मधुमेह असलेले आणि उपचारात स्टिरॉइड घेतलेले बरेच होते.

आता देशाचा हिशेब पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सुमारे ३९ टक्के प्रौढांचे पोट प्रमाणाबाहेर सुटलेले आहे. पूर्वी हा श्रीमंतांचा आजार समजला जाई. आज तो हातगाडीवाल्याला आणि रिक्षावाल्यालाही सोडत नाही.

आपल्या लोकांत एक गैरसमज आहे. सुटलेले पोट ही बरकतीची खूण मानली जाते. शेठ म्हटला की पोट हवेच! वस्तुस्थिती अशी आहे की, भारतीय माणसाला पोटाची चरबी कमी वजनावरही बाधते. म्हणून आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रीची ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते. तुमच्या दुकानात टेप असेल तर आजच मोजून पाहा. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजावे. गिऱ्हाइकाला जसे अचूक माप देतो तसेच स्वतःलाही द्यावे.

आमचा स्वतःचा हिशेब

दुसऱ्याला सांगण्यापूर्वी आमचीच वही उघडतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा आमचे वजन ७८ किलो होते. दुकान बंद, चिंता मोठी आणि खाण्याला काळवेळ नाही. वर्षाच्या शेवटी काटा ८६ वर गेला. पुढच्या वर्षी आम्हालाही कोरोना झाला. बरे झाल्यावर घरच्यांनी ताकद यावी म्हणून नहारी, सुकामेवा, अंडी आणि तुपातला शिरा यांचा मारा केला. २०२१ संपताना वजन ९२ किलो झाले होते. गाठोडे उचलताना दम लागे आणि सकाळी जिना उतरताना गुडघे बोलत.

आमचे डॉक्टरसाहेब तोंडाचे स्पष्ट. उपाशीपोटीची साखर ११८ आलेली पाहून म्हणाले, “शेठ, आजारातून वाचलात, आता वजनातून वाचा. शंभराच्या आत ठीक, १२६ ला मधुमेह. तुम्ही उंबऱ्यात उभे आहात. आत जायचे की मागे फिरायचे ते तुम्हीच ठरवा.”

मागे फिरण्याच्या घाईत आम्हीही फसलो हे कबूल करतो. ओळखीच्या एका गृहस्थाने वजन उतरविणारी पावडर गळ्यात मारली. सकाळी पावडर, रात्री पावडर, मध्ये उपास. महिन्यात सहा किलो उतरले आणि आम्ही बाजारभर फुशारकी मारली. पावडर संपली. पुढच्या तीन महिन्यांत सात किलो परत आले. मुद्दल गेले आणि व्याजही अंगावर बसले.

चहाचे अर्धे पोते

शेवटी आम्हाला जी विद्या येते तीच कामी आली. आम्ही रोजकीर्द लिहू लागलो. आठ दिवस तोंडात गेलेला प्रत्येक पदार्थ वहीत लिहिला. पहिला धक्का जेवणाने दिला नाही, चहाने दिला. गिऱ्हाइकाबरोबर एक, व्यापाऱ्याबरोबर एक, उधारी मागायला आलेल्याबरोबर एक, असे दिवसाचे दहा कप होत होते. कपाला दोन छोटे चमचे म्हणजे साधारण आठ ग्रॅम साखर धरली तर रोजची ८० ग्रॅम झाली. वर्षाचे ३०० दिवस दुकान उघडे राहते. म्हणजे २४ किलो! साखरेचे जवळजवळ अर्धे पोते आम्ही गादीवर बसून पीत होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या आत असावी आणि २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगले.

आम्ही चहा बंद केला नाही, कारण बाजारात चहा नाकारणे म्हणजे माणूस नाकारणे. दहाचे चार केले आणि चारही बिनसाखरेचे. चहावाला पोरगा महिनाभर विचारत असे, “चाचा, आज बी फिक्काच?” आता न विचारता आणतो.

दुसरा धक्का तेलाने दिला. आमच्या पाच माणसांच्या घरात महिन्याला सहा किलो तेल लागत होते. माणशी दिवसाला २० ते ३० ग्रॅम तेल पुरते, म्हणजे पाच माणसांना महिन्याला तीन ते साडेचार किलो. आमच्या बेगमनी महिन्याचे चार किलो तेल एकदाच काढून ठेवायला सुरुवात केली. “संपले तर उकडून घालीन,” असे त्यांनी बजावले आणि दोन वेळा तसे केलेही! सालनावरची तर्री कमी झाली, चव मात्र गेली नाही. ताटात आधी भाजी, काकडी, कांदा आणि डाळ, मग ज्वारीची भाकरी. मटण राहिले, पण तळलेले न राहता रश्श्याचे आणि मोजके.

तिसरी गोष्ट चालणे. फजरनंतर झोपण्याऐवजी अर्धा तास झपझप चालू लागलो. मात्र येथेही हिशेब समजून घ्यावा. अर्धा तास चालून साधारण दीडशे उष्मांक खर्च होतात आणि एक मोठा समोसा खाल्ला तर दोनशेच्या वर जमा होतात. म्हणजे पायांनी कमावलेले तोंड पाच मिनिटांत उडवते. चालणे हवेच, साखर, हृदय आणि झोप यांच्यासाठी ते मोलाचे आहे. पण वजन मुख्यतः ताटात उतरते.

महिन्याला किलो-दीड किलो याच गतीने दहा-अकरा महिन्यांत ९३ चे ७९ झाले आणि साखर ९८ वर आली. २०२४ च्या लग्नसराईत नान-खलियाने पुन्हा तीन किलो चढविले हेही लपवीत नाही. वही परत उघडली, दोन किलो परत उतरले. तोटा झाला म्हणून कोणी दुकान विकत नाही.

कोणी काय करावे?

धंद्याप्रमाणे उपाय बदलतो. गादीवर किंवा मशीनवर बसणाऱ्याने दर तासाला उठून पाच मिनिटे हिंडावे. थान नोकराला काढायला न सांगता स्वतः काढावे. मालेगाव-भिवंडीकडे यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा कामगार उभाच असतो. त्याला अधिक व्यायामाची नव्हे, तर वेळेवर जेवणाची आणि झोपेची गरज आहे. रात्रपाळीत चहा-खारीवर पोट भरण्यापेक्षा घरची भाकरी, डाळ, अंडे बांधून न्यावे. जरीकाम करणाऱ्यांनी आणि रिक्षावाल्यांनी थंड पेयाच्या बाटलीऐवजी पाणी जवळ ठेवावे.

रमजानात वजन आपोआप उतरेल अशी आशा अनेकजण करतात. दिवसभराचा संयम इफ्तारच्या भज्यांत, समोशांत आणि लाल सरबतात बुडाला तर ईदला काटा चढलेलाच दिसतो. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र रोजे सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात.

आता वजन उतरविण्याच्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही औषधे भारतात आली. ती परिणामकारक आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात आणि बंद केल्यावर बऱ्याच जणांचे वजन परत चढते. कोणा मित्राच्या सांगण्यावरून घेण्याची ही वस्तू नव्हे.

एक इशारा विशेष महत्त्वाचा. काहीही प्रयत्न न करता वजन उतरू लागले तर आनंद मानू नका. क्षय किंवा वाढलेला मधुमेह हे त्याचे कारण असू शकते. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर थुंकी तपासून घ्या. यंत्रमागाच्या वस्तीत तर याकडे दुर्लक्ष नकोच. तसेच सडपातळ माणसालाही मधुमेह होतो, म्हणून ‘मी बारीक आहे’ ही सबब चालत नाही.

एक पान राखून ठेवा

फार मोठे ध्येय ठेवू नका. अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना दोन गोष्टी सांगितल्या गेल्या. वजन सात टक्के उतरवा आणि आठवड्याला १५० मिनिटे चाला. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. नव्वद किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे सहा-साडेसहा किलो. एवढे आपल्यापैकी कोणालाही जमण्यासारखे आहे.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब व साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. बाजार बंद असतो त्या दिवशी एकट्याने न जाता शेजारच्या दुकानदाराला आणि आपल्या कारागिरांनाही बरोबर न्यावे. कंबर, वजन, रक्तदाब आणि साखर हे चार आकडे खातेवहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावेत आणि पुढच्या वर्षी त्याच पानावर पुन्हा लिहावेत.

टेलर मास्टरांच्या जागी आता त्यांचा मुलगा बसतो. कपडे शिवण्यात तो वडिलांपेक्षा कमी नाही. गेल्या महिन्यात आम्ही त्याला तपासणीला बरोबर नेले. चारही आकडे ठीक आले. ते त्याने मापाच्या वहीत, वडिलांच्या हस्ताक्षराखाली, लिहून ठेवले आहेत.